आगोटीचं सरपण

वैशाख निम्मा सरला की कोकणातल्या वाड्यांवर एकच चौकशी ऐकू येते. पाणंदीतून जाणारी बाई गडग्याशी थांबते, आत डोकावते आणि विचारते, "वहिनी, लाकडं भरून झाली काय गो?" आंब्याला भाव काय मिळाला, मुंबईकर कधी परत निघाले, कुणाच्या लग्नाला किती पान उठलं, हे सगळं त्यानंतर. रोहिणी लागलेल्या असतात. मिरीग आला की पुढचे चार महिने रानातली साधी काटकीही पेटायची नाही.

जगात लाकडं रचली जातात ती बहुतेक ठिकाणी हिवाळ्यासाठी. नॉर्वेत, काश्मीरच्या खोऱ्यात, हिमाचलच्या वरच्या गावांत बर्फ पडायच्या आत घराच्या भिंतीशी लाकडांची दुसरी भिंत उभी राहते. कोकणात माणसाला घरात कोंडून घालणारा ऋतू पावसाचा. किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीसारख्या ठिकाणी त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून इथली बेगमी आगोटीची, पावसाच्या तोंडावरची. मीठ, मिरच्या, कुळीथ, सुकी मासळी, कांद्याच्या माळा, पापड-सांडगे अशी ती यादी असते. त्यातलं काही कमी पडलं तर भर पावसातही छत्री घेऊन दुकान गाठता येतं. वाळलेलं लाकूड मात्र कुठल्याही दुकानात मिळत नाही. वैशाखात राहिलं ते राहिलं.

काम खरं तर पौषातच सुरू झालेलं असतं. भात झोडून कणगीत पडलं, माणसं जरा मोकळी झाली की कोयती आणि कुऱ्हाड बाहेर निघते. भाजवळीसाठी ऐन-किंजळाची कवळं तोडली जातात. पानं आणि बारीक शिरडं तरव्याच्या जागी भाजायला जातात, जाड फांद्या सरपणासाठी बाजूला पडतात. बागेतल्या आंब्याची वठलेली फांदी, वाऱ्याने मोडलेला काजू, परसातल्या फणसाचं वाळलेलं डहाळं, माडाच्या झावळ्या, पिडे, सोडणं, करवंट्या, यांतलं काही टाकून देत नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात रान बहुतांशी खाजगी मालकीचं असल्यामुळे सरपण आपल्याच वरकस जमिनीतून किंवा शेजाऱ्याच्या परवानगीने त्याच्या रानातून येतं. आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ अशी झाडं तर आपल्या जमिनीतलीसुद्धा परवानगीवाचून तोडता येत नाहीत. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत ती आहेत. घरच्या चुलीसाठी झाड मुळापासून पाडायची वेळ क्वचितच येते. बाईची नजर वाळलेल्या, मोडलेल्या, पुन्हा फुटणाऱ्या फांदीवर असते.

लाकूड म्हणजे लाकूड, असं शहरात वाढलेल्याला वाटतं. चुलीपुढे बसणारीला तसं वाटून चालत नाही. ऐन, किंजळ जड, सावकाश जळणारं आणि निखारा धरून ठेवणारं; भात वैलावर सरकवून मुरवायला आणि रात्री राखेखाली विस्तव जपायला तेच हवं. आंब्याचं लाकूड चटकन पेट घेतं, पण त्याचा निखारा टिकत नाही. काजूला लवकर कीड लागते, म्हणून ती लाकडं आधी संपवायची. सावर आणि पांगारा घरापर्यंत वाहून आणण्याच्या लायकीचेही नाहीत. ती हलकी लाकडं बघता बघता जळून राख होतात. भाकरीला तव्याखाली सगळीकडे सारखी पसरणारी, जोराची आच लागते, तिथे काटक्या आणि बारीक फाटी. घावनाला मंद जाळ. न्हाणीच्या चुलाणात मात्र काहीही चालतं. सोडणं, झावळ्यांची थोटं, कुऱ्हाडीला दाद न देणारा गाठीचा ओंडका, सगळं तिथे जातं. सिंधुदुर्गात घरच्या घरी उकडा तांदूळ करतात, तेव्हा भाताच्या मोठ्या हंड्याखाली तासन्‌तास जाळ घालावा लागतो; त्या एका कामाला सरपणाचा वेगळा हिशेब. वड, पिंपळ, उंबर चुलीत घालायचे नाहीत. बिब्बा तर नाहीच नाही. त्याच्या चिकाने आणि धुराने अंगावर फोड येतात, हे मोळी बांधायला शिकणाऱ्या मुलीला पहिल्याच फेरीत सांगितलं जातं.

या जाणतेपणामागे विज्ञान आहे आणि ते बाईच्या हाताला ठाऊक आहे. वजनाला वजन धरलं तर जवळजवळ सगळ्या जातींचं वाळलेलं लाकूड सारखीच उष्णता देतं. किलोमागे साधारण चार युनिट विजेइतकी. फरक पडतो तो घनतेचा. जड लाकडाच्या एका फाट्यात जास्त उष्णता मावते आणि ती हळूहळू सुटते. दुसरा फरक ओलीचा. नुकत्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. असं लाकूड चुलीत घातलं की जाळाची ताकद आधी ते पाणी उकळून वाफ करण्यात जाते. चूल तापत नाही आणि अर्धवट जळालेले वायू धूर होऊन घरभर फिरतात. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली आली की ते नीट जळतं, असा जगभरचा दंडक आहे. दोन फाटी एकमेकींवर आपटून येणाऱ्या आवाजावरून कोकणातली बाई तेच ओळखते. ओलं लाकूड बद्द वाजतं, वाळलेलं टणटणतं.

फोडण्याला महत्त्व आहे ते यामुळेच. झाडात पाणी उभ्या नळ्यांतून वर चढतं. तोडल्यावर ते बाहेर पडतं तेही मुख्यतः कापलेल्या टोकांतून. सालीतून फारसं पडत नाही. सालीसकट अख्खा ठेवलेला ओंडका वर्षभर आत ओला राहू शकतो. तोच हात-दीड हात लांबीचा कापून, उभा चिरून उन्हात टाकला तर फाल्गुन ते वैशाखाच्या उन्हात खडखडीत वाळतो. अंगणभर ढलप्या आणि फाटी पसरलेली असतात, संध्याकाळी उलथायची, वळवाची शंका आली की धावत गोळा करायची. वळीव चांगला झाला की शेतकरी खूश होतो. सरपण अंगणात पडलेलं असेल तर घरातल्या बाईची मात्र त्या दिवशी त्रेधा उडते.

मग रचणं. जमिनीवर थेट कधीच नाही. वाळवी आणि ओल दोन्ही खालून येतात. जांभ्याचे चिरे मांडायचे, त्यांवर आडवे वासे, त्यांवर फाटी. दोन्ही टोकांना एक थर उभा, एक आडवा अशी चौकट बांधत न्यायची, म्हणजे मधली रास सरकत नाही. फाटी फार दाबून बसवायची नाहीत, वारा खेळला पाहिजे. वरून झापं किंवा पेंढा, हल्ली निळं ताडपत्रीचं प्लास्टिक. पण तेही फक्त माथ्यावर. चारी बाजूंनी गुंडाळलं की आतल्या आत घाम धरून बुरशी येते. ज्यांच्याकडे मांगर आहे त्यांचं सरपण मांगरात, नाहीतर पडवीत वळचणीखाली, नाहीतर परसात खास उभारलेल्या खोपीत. जाड लाकूड आत, लवकर लागणारं पुढे, काटक्यांचे भारे वेगळे, पेटवणाला सुकी पाती आणि सोडणाची शेंडी कोरड्या जागी. श्रावणात बाहेरची हवा इतकी दमट असते की वैशाखात वाळलेलं लाकूडही पुन्हा ओल धरू लागतं. त्यासाठी दोन-चार दिवसांचं सरपण आधीच आणून चुलीवरच्या माळ्यावर चढवायचं. खालच्या धुराने ते कोरडं राहतं आणि त्याला भुंगाही लागत नाही.

नॉर्वेत लार्श मीतिंग या लेखकाने 2011 साली लाकूड तोडणं, फोडणं, वाळवणं आणि रचणं यांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. सुरुवातीलाच शेजारचे एक आजारी, म्हातारे गृहस्थ वसंतात ट्रॉलीभर लाकूड उतरवून घेतात आणि रोज थोडं थोडं रचत जातात. ते पुस्तक तिथे प्रचंड खपलं, अनेक भाषांत गेलं. फेब्रुवारी 2013 मध्ये एनआरके या तिथल्या सार्वजनिक वाहिनीने एका शुक्रवारी रात्री सलग बारा तास सरपणाचाच कार्यक्रम दाखवला. आधी तोडण्या-रचण्यावरच्या गप्पा आणि मग आठ तास नुसती शेकोटी, अधूनमधून कुणीतरी लाकूड सारतंय. पन्नास लाख वस्तीच्या देशात जवळजवळ दहा लाख लोकांनी तो कार्यक्रम थोडा तरी पाहिला. रचताना लाकडाची साल वर ठेवावी की खाली, यावरून प्रेक्षकांत वाद झाला आणि निम्म्यांनी एका बाजूने, निम्म्यांनी दुसऱ्या बाजूने वाहिनीकडे तक्रारी पाठवल्या. आपल्या रोजच्या श्रमाकडे एका समाजाने इतक्या प्रेमाने पाहावं, ही फार चांगली गोष्ट आहे. मराठीत तसं झालेलं नाही. कोकणातल्या आंब्यावर, माशांवर, गणपतीवर पानंच्या पानं लिहिली गेली. मांगरातल्या राशीकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

आणि ही रास नुसती रचण्याची गोष्ट नाही, मोठ्या अंदाजाची गोष्ट आहे. घरात माणसं किती, त्यांत आंघोळीला कढत पाणी लागणारं म्हातारं किती, पावसाळ्यात कुणी बाळंतीण येणार आहे का (म्हणजे शेक आणि दोन वेळचं पाणी आलं), गुरांना आंबोण शिजवायचं का, हे सगळं चैत्रातच धरावं लागतं. सगळ्यात मोठा खर्च भाद्रपदात. मुंबईकर येतात, पाच माणसांच्या घरात पंधरा होतात, दिवसभर चहाचं आधण उतरत नाही, उकडीचे मोदक वाफेवर चढतात. गणपतीत लाकूड संपलं, ही कोकणातल्या बाईला अब्रूची गोष्ट वाटते. त्यापुढे पितृपक्ष, आणि नवीन भात घरात येईपर्यंतचा ओला आश्विन. असा सहा महिन्यांचा अंदाज कागदावर न मांडता बांधणं आणि त्यात फारसं न चुकणं, हे व्यवस्थापनाचं काम आहे.

कधी सगळा हिशेब एका दिवसात मोडतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं ते नेमकं लाकडं भरून झालेल्या दिवसांत. छपरं उडाली, झापं गेली, मांगर उघडे पडले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या कित्येक गावांत वीज आठवडेच्या आठवडे आली नाही. आंबा, फणस, सुपारी, माड आडवे झाले. सगळीकडे लाकूडच लाकूड पडलेलं होतं. पण ते ओलं होतं आणि चार-पाच दिवसांवर मिरीग होता.

लाकडांच्या राशीत आणखी एक वस्ती असते. जांभ्याच्या मुलखात फुरसं सापडतं ते अशाच कोरड्या, फटीफटींच्या जागी. लाल विंचूही तिथेच. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडावर फाटी हलवताना हाताला विंचू डसणं ही कोकणातली जुनी भीती आहे. महाडजवळ बिरवाडीला सरकारी डॉक्टर म्हणून 1976 साली रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशाचा ध्यास घेतला. विंचवाच्या विषाने हृदय निकामी होतं, फुप्फुसात पाणी भरतं, हे त्यांनी एकेक रोगी तपासत मांडलं. प्राझोसिन या रक्तदाबावरच्या साध्या गोळीने माणूस वाचतो, हे दाखवून दिलं. 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाने त्यांचं काम छापलं. पूर्वी अत्यवस्थ रोग्यांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावत. ते प्रमाण एकाच्या जवळ आलं. मांगरात हात घालताना बाई आजही आधी काठीने लाकूड ठोकते. पण डसलाच, तर आता उतारा आहे.

घाटावर सरपणाचं रूप वेगळं. तिथे रान तुटपुंजं, म्हणून शेतच चूल पेटवतं. विदर्भात पऱ्हाट्या आणि तुराट्या, उसाच्या पट्ट्यात चिपाडं आणि पाचट, ज्वारीच्या रानात धसकटं, मक्याची रिकामी कणसं. सोलापूर-मराठवाड्यात ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ. काट्यांनी हात फाडते, पण जळते छान. साध्या बाभळीची तर बातच नको, तिचा निखारा लोहारही पसंत करतो. आणि गोवऱ्या. उन्हाळाभर थापलेल्या गोवऱ्या गोल रचत नेऊन वरून शेणामातीने लिंपलेला हुडवा गावाबाहेर उभा असतो. पावसाचा थेंब आत जात नाही आणि एका बाजूला लहानसं तोंड फोडून लागतील तशा गोवऱ्या काढता येतात. माती, शेण आणि दोन हात एवढ्यावर उभं राहिलेलं असं जलरोधक कोठार दुसरं क्वचितच असेल.

हे सगळं करतं कोण? मोठा ओंडका फोडायला घरातला पुरुष किंवा मजुरीचा गडी येतो. बाकी तोडणं, गोळा करणं, मोळी बांधणं, वाहणं, वाळवणं, रचणं आणि शेवटी त्याच्या धुरात बसणं बाईचं. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर 20-25 किलोंची मोळी, हातात कोयती आणि पायाखाली घसरडी पायवाट. रायगडात कर्जत, खोपोली, पेणच्या बाजूला कातकरी आणि ठाकर बाया अशी मोळी घेऊन पहाटे डोंगर उतरतात. ती मोळी विकून जे येतं त्यात मीठ-मिरची, तेल आणि थोडे तांदूळ बसतात. त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र सरपणाची रास नसते. आजचं आज आणायचं, आजच विकायचं.

रानाशी सरपणाचं भांडणही जुनं आहे. 1878 च्या वन कायद्याने डोंगरच्या डोंगर राखीव झाले आणि ज्या काटक्या लोक पिढ्यान्‌पिढ्या उचलत आले होते त्या सरकारच्या झाल्या. जोतीराव फुल्यांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्यावर आसूड ओढला तो यासाठीच: अल्पभूधारकाला रानातली फळं, पळस-मोहाची पानंफुलं आणि गावचं गायरान यांवर जो आधार होता तो खात्याने हिरावून घेतला. 1930 च्या सविनय कायदेभंगात महाराष्ट्रात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. सरकारी रानातलं गवत आणि लाकूड तोडणं हेच तिथलं मूठभर मीठ. उरणजवळ चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 रोजी अक्कादेवीच्या माळावर गोळीबार झाला आणि माणसं धारातीर्थी पडली. विदर्भात निस्ताराचे, म्हणजे घरच्या गरजेपुरतं रानातून घेण्याचे, हक्क कागदावर राहिले, पण ते मागताना हात जोडावे लागत. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने आपल्या रानाचा कारभार ग्रामसभेत चालवून दाखवला आणि 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळवला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते आहे. चंद्रपूर जिल्ह्यात तर सरपणाला जाणं म्हणजे जीव मुठीत धरणं झालं आहे. वाघ वाढले, रान तेवढंच राहिलं आणि वाकून काटक्या वेचणारी बाई झुडपातून त्याला सावजासारखी दिसते. तरी ती जाते, कारण संध्याकाळी चूल पेटायची असते.

धुराचं नुकसान आता मोजलं गेलं आहे. घरातल्या चुलींच्या आणि तत्सम धुरामुळे 2020 साली जगात सुमारे 32 लाख माणसं वेळेआधी मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चूल सुधारण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात फार पूर्वीपासून झाले. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाने मगन चुलीचा प्रसार केला. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने उसाच्या फडात जाळून टाकल्या जाणाऱ्या पाचटापासून कोळसा करून दाखवला आणि 2002 साली त्यासाठी लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळवला. उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी सुरू झाली. तिची आठ कोटीवी जोडणी 7 सप्टेंबर 2019 रोजी औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात दिली गेली. ही मोठी गोष्ट आहे. चुलीपुढे डोळे चोळत बसलेल्या बाईने चुटकीसरशी निळी ज्योत पेटवली, यापेक्षा मोठा बदल तिच्या स्वयंपाकघरात शतकभरात झाला नव्हता.

तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतातली फक्त 43 टक्के घरं स्वच्छ इंधनावर रांधत होती. सिलिंडर घरात आहे, शेगडी पुसून ठेवलेली आहे, चहा आणि पाहुण्यांची भाजी तिच्यावर; भात, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. याला बाईची सवय किंवा मागासपणा म्हणणाऱ्यांनी एक हिशेब करून पाहावा. 14.2 किलोंच्या सिलिंडरमधून पातेल्याला जेवढी उष्णता मिळते तेवढी साध्या चुलीतून मिळवायला दोनशे किलोंच्या आसपास लाकूड जाळावं लागतं, कारण चुलीतली बहुतेक उष्णता आजूबाजूला जाते. म्हणजे आठ-दहा मोळ्या. सिलिंडर आठशे-नऊशे रुपयांचा धरला तर एका मोळीची किंमत शंभर रुपयांच्या आत-बाहेर. डोंगर चढणं, तोडणं, वाहणं, फोडणं, यात जाणारा तिचा अर्धा दिवस घरच्यांच्या लेखी इतका स्वस्त आहे. रोख शंभर रुपये खिशातून काढताना जीव तुटतो, बाईचा अर्धा दिवस खर्ची पडताना तुटत नाही. सरपण फुकट मिळतं असं म्हणणाऱ्या घरात ते आणणारीच्या वेळेला कुणी किंमत दिलेली नसते.

सरकारी कागदांतही तिला जागा नाही. रोजगाराच्या राष्ट्रीय नमुना पाहण्यांत प्रत्येक माणसाच्या नावापुढे त्याच्या कामाचा संकेतांक लिहितात. घरकाम सांभाळून सरपण, भाजीपाला, गुरांचा चारा गोळा करणारी बाई 93 या संकेतांकात बसते आणि 93 हा गट श्रमशक्तीच्या बाहेर धरला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीत मात्र घरच्या वापरासाठी सरपण गोळा करणं हे उत्पादन आहे. कामगार संख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 2013 साली त्याला 'काम' असा स्पष्ट दर्जा दिला. आपल्याकडे 2019 मध्ये पहिली देशव्यापी वेळवापर पाहणी झाली, 2024 मध्ये दुसरी; बाईच्या दिवसातले तास निदान मोजायला लागले. पण तास मोजले गेले म्हणून ती कामकरी ठरली, असं अजून झालेलं नाही. जनगणनेत तर स्वयंपाकाच्या इंधनाच्या प्रश्नाला एकाच उत्तराची जागा असते. 2011 साली देशातल्या 49 टक्के घरांनी तिथे लाकूड असं उत्तर दिलं होतं. आता गॅस असलेल्या घरात 'गॅस' असं लिहिलं जाईल आणि मागच्या मांगरातली सहा महिन्यांची रास त्या ओळीत कुठेच येणार नाही.

हा 93 चा गट श्रमशक्तीत आला पाहिजे, आणि उज्ज्वलेच्या सिलिंडरवरचं अनुदान ठरवताना मोळीचा हिशेब समोर ठेवला पाहिजे. तोवर एवढं तरी घरोघरी करता येईल. या उन्हाळ्यात गावी जाणाऱ्यांनी एकदा रानातून घरापर्यंत एक मोळी स्वतः वाहून आणावी. आणि पाहणीला आलेल्या माणसाने दारात उभं राहून "बाई काय काम करतात?" असं विचारलं, तर "घरीच असते" म्हणून त्याला वाटेला लावू नये. लाकडं तोडते, वाहते, वाळवते, रचते, हे त्याला सांगावं आणि तो ते लिहून घेतो ना, तेही पाहावं.